तयार गाण्यांची संगीतिका : प्रतिकूल समीक्षा आणि परदेशगमन

लंडनच्या डॉमिनियन नाट्यगृहात १४ मे २००२ रोजी ‘वी विल रॉक यू’ ही संगीतिका रंगभूमीवर आली, तेव्हा तेथील बहुतेक दैनिकांच्या समीक्षकांनी तिची संभावना अतिशय कठोर शब्दांत केली. कथानक बालिश, विनोद ढोबळ, आणि क्वीन या रॉक-वृंदाची गाणी प्रसंगांत कशीबशी कोंबलेली, असा आक्षेपांचा एकूण सूर होता. हीच संगीतिका त्याच नाट्यगृहात ३१ मे २०१४ पर्यंत, म्हणजे बारा वर्षे चालली; आणि दरम्यान मेलबर्न, माद्रिद, कलोन, टोरांटो येथे तिचे स्वतंत्र प्रयोग उभे राहिले. समीक्षकांचा अंदाज चुकला, एवढे म्हणून हा विषय संपवता येत नाही. त्यांनी दाखवलेले दोष बव्हंशी खरेच होते आणि बारा वर्षांत ते नाहीसे झाले नाहीत. प्रश्न आहे तो असा की, दोषयुक्त ठरलेली कृती परक्या देशात, परक्या भाषेत उभी राहते, ती कशाच्या बळावर?

या नाट्यप्रकाराला ‘ज्यूकबॉक्स म्युझिकल’ म्हणतात. नाणे टाकून हवी ती तबकडी वाजवून घेण्याचे यंत्र म्हणजे ज्यूकबॉक्स. मुंबईच्या इराणी उपाहारगृहांतून एके काळी ते असे. नावातच किंचित उपहास आहे. नाटककाराने नाटकासाठी गाणी रचावयाची हा सर्वसामान्य क्रम येथे उलटा होतो. गाणी आधीच लोकांच्या तोंडी असतात आणि नाटककार त्यांना गोष्ट पुरवितो. परिचित संगीताचा आधार घेण्याची कल्पना मात्र नवी नाही. जॉन गे याच्या ‘बेगर्स ऑपेरा’त (१७२८) बहुतेक चाली लोकांच्या ओळखीच्या होत्या. मराठी वाचकाला तर याचे नवल वाटू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’पासून (१८८०) पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून एखाद्या परिचित गीताचा निर्देश करण्याची प्रथा रूढ झाली. किर्लोस्करांनी कानडी चालीही मोकळेपणाने उचलल्या. फरक आहे तो एवढाच, आणि तो महत्त्वाचा आहे : मराठी नाटककाराने चाल उसनी घेतली आणि शब्द स्वतःचे घातले, ज्यूकबॉक्स संगीतिकेत चाल आणि शब्द दोन्ही उसने असून केवळ प्रसंग नवा असतो. संगीत नाटकातील पद नुसते वाचणाऱ्यास पुष्कळदा ते काव्य म्हणून सामान्य वाटते. माथ्यावरच्या त्या एका ओळीने ज्याच्या कानात चाल जागी होते, त्याचा अनुभव निराळा असतो. लंडनचे समीक्षक क्वीनच्या गाण्यांना अनभिज्ञ होते असे नव्हे. परंतु संहितेचे मूल्यमापन करताना त्यांना कानातली ती स्मृती बाजूला ठेवावी लागली, आणि प्रेक्षक तर नेमकी तीच घेऊन नाट्यगृहात येत होता.

‘वी विल रॉक यू’ची संहिता बेन एल्टन यांची आहे. भविष्यकाळातील पृथ्वीवर एका महाकाय कंपनीचे राज्य आहे. वाद्ये निषिद्ध आहेत, सर्वांनी एकच यंत्रनिर्मित संगीत ऐकावयाचे आहे. काही बंडखोर तरुण जुन्या संगीताचे अवशेष गोळा करतात आणि अर्थ न कळता जुन्या गायकांची नावे धारण करतात. त्यामुळे एक धिप्पाड पुरुष ब्रिटनी स्पिअर्सचे नाव अभिमानाने मिरवितो. हा विनोद फारसा सूक्ष्म नाही. पण परदेशगमनाच्या दृष्टीने पाहिले तर त्याची रचना सोयीची आहे. नावाची जागा रिकामी करून तेथे त्या त्या देशातील गायकाचे नाव बसविता येते. कथेचा कोणताही सांधा त्यामुळे निखळत नाही. घट्ट विणीच्या नाटकात अनुवादकाला असा वाव मिळत नाही. समीक्षकाला जो विसविशीतपणा खटकला, तोच अनुवादकाच्या पथ्यावर पडला. (सर्व जगाला एकच संगीत पुरविणाऱ्या कंपनीचा उपहास करणारे हे नाटक स्वतःच साच्यातून काढल्याप्रमाणे देशोदेशी पाठविले गेले, हा विरोधाभास त्याच्या कर्त्यांना जाणवला असो वा नसो.)

कलोन येथे २००४ च्या डिसेंबरात ही संगीतिका सुरू झाली आणि २००८ पर्यंत चालली. तेथे संवाद जर्मन भाषेत होते. बहुतेक प्रसिद्ध गाणी मात्र इंग्रजीतच राहिली. लंडनमधील प्रतिकूल अभिप्राय कलोनच्या सामान्य प्रेक्षकाने वाचले असण्याची शक्यता थोडी. उलट क्वीनच्या तबकड्या त्याच्या घरी तीसेक वर्षांपूर्वीच येऊन पोहोचल्या होत्या. गाणी नाटकाच्या आधी प्रवास करून बसलेली असतात. समीक्षा तेवढा प्रवास करीत नाही.

या प्रयोगाशेजारी ‘मामा मिया’ ठेवून पाहावी. लंडनमध्ये एप्रिल १९९९ मध्ये आलेल्या या संगीतिकेत आबा या स्वीडिश वृंदाची गाणी आहेत. तिला प्रारंभी मिळालेले स्वागतही पुष्कळ बरे होते. परंतु २००२ मध्ये हाम्बुर्ग येथे ती गेली तेव्हा गाण्यांचेही जर्मन भाषांतर करण्यात आले, आणि २००५ मध्ये स्टॉकहोमला स्वीडिश भाषांतर झाले. स्वीडिश रचनाकारांनी इंग्रजीत लिहिलेली गाणी त्यांच्याच देशात प्रथम इंग्रजीत लोकप्रिय व्हावीत आणि मग स्वीडिशमध्ये अनुवादित होऊन यावीत, हे भाषांतराच्या इतिहासातील एक मजेदार वळण आहे. असे का करावे लागले? ‘मामा मिया’त कॅथरिन जॉन्सन यांनी गाणी संवादासारखी योजिली आहेत, आई, मुलगी, जुने प्रियकर एकमेकांना काही सांगतात ते गाण्यातून. शब्द कळला नाही तर प्रसंग कळत नाही. ‘वी विल रॉक यू’त गाणे घोषणेसारखे येते, प्रेक्षक पाय आपटतो, टाळ्या वाजवितो, आणि शब्दार्थ गौण ठरतो. नाट्यदृष्ट्या पहिली योजना श्रेष्ठ आहे यात शंका नाही. पण दुसरीत अनुवादाचा खर्च कमी आणि स्मृतीचा धक्का थेट असतो.

तथापि हा नियम सर्वत्र लागू पडत नाही, हे अमेरिकेने दाखवून दिले. लास व्हेगास येथे सप्टेंबर २००४ मध्ये उघडलेला ‘वी विल रॉक यू’चा प्रयोग पुढील वर्षाच्या नोव्हेंबरात बंद झाला, आणि ब्रॉडवेच्या नाट्यगृहात ही संगीतिका लागलीच नाही. क्वीनची अमेरिकेतील लोकप्रियता १९८०च्या दशकात बरीच ओसरली होती. स्मृतीची शिदोरी तेथे तितकी भरलेली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये तर लोकप्रिय गाणीही पुरी पडत नाहीत. बीच बॉइजच्या गाण्यांवरील ‘गुड व्हायब्रेशन्स’ २००५ मध्ये ९४ प्रयोगांनी आटोपली, आणि जॉन लेननवरील ‘लेनन’ त्याच वर्षी ४९ प्रयोगांत. ही गाणी प्रेक्षकाला अपरिचित होती असे कोण म्हणेल?

भारतीय अभ्यासकाला याहून जवळचे उदाहरण ‘बॉम्बे ड्रीम्स’चे आहे. ए. आर. रहमान यांचे संगीत, त्यात ‘दिल से’मधील ‘छैंया छैंया’सारखी चित्रपटगीते, आणि नायक मुंबईच्या झोपडपट्टीतला, चित्रपटाचे स्वप्न पाहणारा. लंडनला जून २००२ मध्ये आलेल्या या संगीतिकेविषयी समीक्षकांचे मत संमिश्र होते. ती दोन वर्षे चालली. ब्रॉडवेवर नेताना मीरा स्याल यांची संहिता टॉमस मीहान यांच्या साहाय्याने बदलण्यात आली. एप्रिल २००४ मध्ये ती तेथे उघडली आणि २८४ प्रयोगांनंतर १ जानेवारी २००५ रोजी बंद झाली. लंडनमध्ये दक्षिण आशियाई कुटुंबांचा एक मोठा वर्ग असा होता की, ज्याच्या घरात ही गाणी वाजत होती. ब्रॉडवेच्या बहुसंख्य प्रेक्षकांना मात्र ती नवीनच होती. त्यांच्यापुरती ही संगीतिका ज्यूकबॉक्स राहिलीच नाही, आणि मग संहितेला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागले. तेथे दुरुस्तीचा उपयोग झाला नाही, कारण उणीव प्रथमतः संहितेत नव्हती. ती श्रोत्याच्या कानात होती.

तेव्हा प्रतिकूल समीक्षा झालेली अशी कृती परदेशी यशस्वी होऊ शकते. मात्र यजमान देशात गाण्यांची ओळख किती खोल आहे आणि त्या ओळखीला संहिता किती मोकळी वाट देते, यांवर ते अवलंबून राहते. समीक्षकाने दोष दाखवू नयेत असा याचा अर्थ होत नाही. त्याचे मोजमाप पानावरील आणि रंगमंचावरील गोष्टींचे असते, आणि या प्रकारात नाटकाचा एक हिस्सा प्रेक्षागृहात बसलेला असतो. ‘वी विल रॉक यू’ २०२३ च्या उन्हाळ्यात लंडनच्या कोलिझियममध्ये पुन्हा आली. या खेपेस बंडखोरांच्या वृद्ध म्होरक्याची भूमिका स्वतः बेन एल्टन यांनीच केली.