वाऱ्याची वीज

मुलांनो, दिवेलागणीची वेळ झाली की आपण सहज हात पुढे करून विजेचे बटन दाबतो. खोली उजळते, पुस्तक उघडते आणि अभ्यास सुरू होतो. हा प्रकाश कोठून आला, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. परंतु ज्या गावी विजेची तार पोहोचलेली नसते, तेथे सूर्य मावळताच दिवसाचे सारे व्यवहार थांबतात. अशाच एका गावातील एका मुलाची ही हकीकत आहे.

आफ्रिका खंडाच्या आग्नेय भागात मलावी नावाचा एक लहानसा देश आहे. तेथील बहुसंख्य लोक शेतीवर जगतात. मका हे त्यांचे मुख्य पीक आणि मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा हे त्यांचे रोजचे अन्न. या देशातील कसुंगू शहराजवळ विंबे नावाचा भाग आहे. १९८७ साली जन्मलेला विल्यम काम्क्वाम्बा त्या भागातील एका खेड्यात वाढला. घरात रॉकेलचा दिवा असे. त्याच्या धुराने डोळे चुरचुरत व खोकला येई. शिवाय रॉकेल महाग. म्हणून अंधार पडल्यावर थोड्याच वेळात सारे अंथरुणाला पाठ टेकत.

२००१ साली मलावीत मक्याचे पीक बुडाले आणि त्यापाठोपाठ भीषण दुष्काळ पडला. विल्यमच्या घरी दिवसातून एकदाच, तेही मोजके घास, अन्न मिळू लागले. विल्यम नुकताच माध्यमिक शाळेत जाऊ लागला होता. पण जेथे पोटालाच पुरेसे नव्हते, तेथे शाळेची फी कोठून येणार? त्याची शाळा सुटली.

शाळा सुटली, पण शिकण्याची ओढ सुटली नाही. गावच्या प्राथमिक शाळेत एक छोटेसे ग्रंथालय होते. विल्यम तेथे जाऊन बसू लागला. एके दिवशी शब्दकोश शोधत असताना त्याच्या हाती विज्ञानाचे एक इंग्रजी पुस्तक आले. त्याच्या वेष्टनावर ओळीने उभ्या असलेल्या पवनचक्क्यांचे चित्र होते. विल्यमला इंग्रजी जेमतेमच येई. तो आकृत्या न्याहाळी, त्यांखालचे शब्द लावी आणि अडेल तेथे विचारी. पवनचक्कीने वीज निर्माण होते, पाणीही उपसता येते, एवढे त्याला उमगले. त्याच्या मनात आले, ‘पाणी मिळाले तर दुसरे पीक घेता येईल आणि मग अशी उपासमार पुन्हा होणार नाही.’

वाऱ्यापासून वीज कशी होते? तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक फिरवला, की त्या तारेत विजेचा प्रवाह निर्माण होतो. हा शोध मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली लावला. सायकलच्या दिव्यासाठी जो डायनॅमो लावतात, त्यात हेच घडते. चाक फिरले की चुंबक फिरतो व दिवा लागतो. तेथे चाक माणसाचे पाय फिरवतात. विल्यमला ते वाऱ्याकडून फिरवून घ्यावयाचे होते.

साहित्य विकत घेण्यास पैसे नव्हते. म्हणून त्याने भंगार धुंडाळले. तेथे त्याला ट्रॅक्टरचा जुना पंखा मिळाला. वडिलांची मोडकी सायकल त्याने मनधरणी करून मिळवली. प्लॅस्टिकचा नळ उभा चिरून, विस्तवावर मऊ करून त्याने सपाट पाती बनवली. भोके पाडण्यास हत्यार नव्हते. तेव्हा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसात खिळा बसवून त्याने तो तापवला. लोखंडी चकत्यांऐवजी त्याने बाटल्यांची बुचे ठोकून वापरली. डायनॅमो मात्र भंगारात मिळेना. अखेर त्याच्या मित्राने स्वतःचे पैसे देऊन तो घेऊन दिला.

भंगार गोळा करीत हिंडणाऱ्या या मुलाला लोक वेडा म्हणत. त्यांच्या भाषेत पवनचक्कीला शब्दही नव्हता. ‘काय करतोस?’ असे कोणी विचारले, तर विल्यम म्हणे, ‘मगेत्सी आ म्फेपो’, म्हणजे वाऱ्याची वीज!

२००२ साली निलगिरीच्या खांबांचा सुमारे पाच मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. तमाशा पाहावयास गाव लोटला. विल्यम वर चढला. चाक अडवून धरणारी तार त्याने काढताच पाती फिरू लागली. त्याच्या हातातील लहानसा दिवा आधी मिणमिणला, मग लख्ख उजळला. हसावयास आलेले लोक आनंदाने ओरडू लागले.

पुढे मोटारीच्या जुन्या बॅटरीत ती वीज साठवून त्याने घरात दिवे लावले. अंधार पडल्यावरही आता वाचता येऊ लागले. शेजारी आपले मोबाइल फोन भारित करण्यास येऊ लागले. मात्र एकदा वादळात छपरातील तारा एकमेकींना चिकटल्या. गवताचे छप्पर पेटले असते, तर घराची राख झाली असती! तेव्हा विल्यमने खिळे, तार व चुंबक यांपासून प्रवाह आपोआप तोडणारे साधन तयार केले. विजेशी खेळताना धाडसाइतकीच सावधगिरी हवी, हा धडा त्याला मिळाला.

वाऱ्याच्या शक्तीचे गणितही मोठे मनोरंजक आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातील शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. पात्यांची लांबी दुप्पट केली, तर चौपट शक्ती मिळते. जमिनीलगत झाडे व घरे वारा अडवतात. उंचावर तो मोकळा वाहतो. म्हणूनच विल्यमने आपला मनोरा पुढे सुमारे बारा मीटर उंच केला.

परंतु वारा हा लहरी आहे. तो पडला की पाती थांबतात. बॅटरी जुनी झाली की बदलावी लागते. आणि दुरुस्ती करणारा कोणी नसेल, तर उत्तम यंत्रही गंजत पडते. डेन्मार्क देशातील पोल ला कूर या शिक्षकाने १८९१ साली आस्कोव्ह येथे पवनचक्कीपासून वीज काढली. पण तेवढ्यावर न थांबता त्याने खेड्यांतील तरुणांना विजेचे कामही शिकवले. यंत्राबरोबर ज्ञानही गावात रुजले पाहिजे, हे त्याने ओळखले होते. आज अनेक ठिकाणी लहान पवनचक्कीला सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या पट्ट्यांची जोड देतात. एक थांबली तर दुसरीचा आधार मिळतो.

२००६ साली विल्यमची वार्ता वृत्तपत्रांतून पसरली. लोकांच्या साहाय्याने तो पुन्हा शाळेत गेला आणि २०१४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाचा पदवीधर झाला. त्याच्या गावात सूर्यशक्तीवर चालणारा पंपही बसला. पाण्याचे त्याचे स्वप्न असे खरे झाले.

वारा तर विल्यमच्या अंगणात पूर्वीपासूनच वाहत होता. पण त्या लहानशा ग्रंथालयाचे दार बंद असते, तर तो नुसताच वाहत राहिला असता.

स्वाध्याय

१. विल्यमची शाळा का सुटली? त्यानंतर त्याने काय केले?
२. पवनचक्कीसाठी विल्यमने कोणकोणत्या टाकाऊ वस्तू वापरल्या? कोणती वस्तू कशासाठी, ते लिहा.
३. कारणे द्या : (अ) पवनचक्की उंचावर बसवतात. (आ) पवनचक्कीला बॅटरीची जोड लागते.
४. ‘लोटणे’, ‘उमगणे’, ‘अंथरुणाला पाठ टेकणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरी एक रात्र वीज नव्हती, अशी कल्पना करून दहा ओळी लिहा.