गिअर नसलेल्या सायकलवर नांदेड

प्रश्न : चाकूरहून नांदेडला घरच्या साध्या सायकलवर जायचं आहे. गिअरची नवी सायकल घ्यावी का? मुक्काम कुठे करावा?
– एक वाचक, चाकूर

उत्तर : नवी सायकल मुळीच घेऊ नका. अहमदपूर, माळेगाव, लोहा असा हा रस्ता सुमारे शंभर किलोमीटरचा. खरी अडचण चढाची, आणि ती स्वस्तात सुटते. बहुतेक साध्या सायकलींच्या मागच्या चाकाला १८ दात्यांचा फ्रीव्हील असतो. मिस्त्रीकडून २० किंवा २२ दात्यांचा बसवून घ्या. वेग घटेल, पण चढावर गुडघे वाचतील. सीट मात्र उंच करा; आपल्याकडे ती हमखास खाली असते.

पाठीवर सॅक नको, ओझं कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना बांधा. बाभळीच्या काट्यांसाठी एक जादा ट्यूब, पंक्चरचं सामान आणि पंप हवाच. तंबू घरीच ठेवा. पहिली रात्र अहमदपूर किंवा लोह्यात साध्या लॉजवर काढा. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याचे यात्री निवास आहेत; आधारकार्ड जवळ ठेवा. लंगरमध्ये जेवण मोफत. डोकं झाकायला रुमाल न्या. महामार्गावर ट्रक फार, अंधारात चालवू नका. दिवाळीनंतर निघा.