कुर्डुवाडीची केबिन

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात कुर्डुवाडी हे गाव आहे. रेल्वेचे जंक्शन म्हणून आज ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु मुंबईकडून येणारा मुख्य लोहमार्ग 1860 साली सोलापुरापर्यंत पोहोचला, तेव्हा येथील स्थानकाला स्वतःचे नावही मिळाले नव्हते. त्याला ‘बार्शी रोड’ म्हणत. ज्याला बार्शीला जावयाचे असेल त्याने येथे उतरावे आणि पुढचे सुमारे 35 किलोमीटर बैलगाडीने कंठावेत, असा त्या नावाचा अर्थ. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी बाजारपेठ. आगगाडीने मात्र तिला दूर ठेवले होते. गाड्यांच्या लांबच लांब रांगा कापसाच्या गाठी घेऊन धुळीच्या रस्त्याने स्थानकाकडे येत, आणि पावसाळ्यात चिखलात रुतून बसत.

ही अडचण एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याच्या नजरेत भरली. 1882 साली तो रेल्वेच्या नोकरीसाठी या देशात आला होता. मोठ्या मार्गाइतका खर्च न करताही लहान, स्वस्त आणि तरीही भक्कम असा मार्ग बांधता येईल, असे त्याचे मत होते. ते पटवून देण्यात बरीच वर्षे गेली. अखेर 1897 साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिच्या रुळांमधील अंतर अवघे 762 मिलिमीटर होते. मुख्य मार्गाचे रूळ 1676 मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे ही गाडी रुंदीने निम्म्याहूनही कमी. लोक कौतुकाने हसत. पण कॅल्थ्रॉपने प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये अशा बेताने इंजिने आणि डबे बनवून घेतले होते, त्यामुळे हलक्या रुळांवरूनही पुष्कळ माल जाऊ शके. (याच माणसाने पुढे विमानातून उडी टाकणाऱ्यांसाठी हवाई छत्रीही तयार केली. माणसाचा जीव कसा वाचवावा, हा विचार त्याच्या मनातून कधी गेला नसावा.)

मार्ग वाढत गेला. 1906 साली तो पंढरपुरास, 1911 साली लातुरास आणि 1927 साली मिरजेस पोहोचला. लहान आणि मोठ्या मार्गांची गाठ कुर्डुवाडीस पडे. एका मार्गाचा डबा दुसऱ्या मार्गावर जाऊ शकत नसे. म्हणून प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते हमालांनी एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावे लागे. मिरजेस तर आणखी गंमत होती. 1971 साली पुण्याहून मिरजेकडे येणारा मार्ग रुंद झाला, आणि त्यानंतर काही वर्षे त्या एका स्थानकात तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ शेजारी शेजारी नांदत होते.

आषाढी एकादशी जवळ आली, की कुर्डुवाडीचा रंग पालटे. मुख्य मार्गाच्या गाड्यांतून वारकरी उतरत आणि छोट्या गाडीकडे धावत. डबे भरले, की मालाचे डबेही माणसांसाठी जोडले जात. तरीही जागा पुरत नसे, आणि कित्येकजण टपावर चढून बसत. टाळ-मृदंगाच्या गजरात ती इवलीशी गाडी पंढरपूरची वाट धरी. अशा वेळी स्थानकात एक गाडी निघत असे, दुसरी येत असे, तिसरी बाहेर खोळंबलेली असे. शेकडो जीव त्या रुळांवर होते. कोणत्या गाडीने केव्हा आणि कोणत्या रुळावरून जावे, हे कोण पाहत होते? फलाटावरील गर्दीला तो माणूस दिसत नसे. तो स्थानकाच्या टोकाला, केबिनमध्ये उभा असे.

मोठ्या जंक्शनवर स्थानकाच्या दोन्ही टोकांना अशा केबिन असत. केबिन म्हणजे उंच, दुमजली इमारत. वरच्या मजल्याला तीन बाजूंनी काचेच्या खिडक्या, म्हणजे दोन्ही दिशांचे रूळ एकाच नजरेत यावेत. आत पाऊल टाकले, की कमरेएवढ्या उंचीच्या लोखंडी दांड्यांची एक रांग दिसे. त्यांना लिव्हर म्हणतात. सिग्नलचे लिव्हर तांबडे, सांध्यांचे काळे, सांध्याला कुलूप घालणारे निळे. घामाने लोखंड गंजू नये म्हणून केबिनमन हातात फडके धरून लिव्हर ओढी. ते काम अंगबळाचे होते. दूरच्या सिग्नलची तार शेकडो मीटर लांब. ती ओढताना पाय रोवून मागे झुकावे लागे.

रुळांच्या कडेने, छोट्या खुंट्यांवरील चाकांवरून ही तार सिग्नलपर्यंत जात असे. दख्खनच्या उन्हाळ्यात दुपारी ती तापून लांब होई, आणि लिव्हर ओढला तरी सिग्नलचा हात पुरता खाली येत नसे. पहाटेच्या गारठ्यात तीच तार आखडे. म्हणून ती सैल वा ताठ करण्याची एक कळ केबिनमध्येच ठेवलेली असे. चांगला केबिनमन ऊन पाहून तारेचा अंदाज बांधी.

सिग्नलचा हात आडवा असेल तर ‘थांबा’, खाली कललेला असेल तर ‘चला’. रात्री याच हाताबरोबर लाल आणि हिरवी काच दिव्यासमोर सरके. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हात खाली आणावयाचा तर तार ओढावी लागे. आडवा मात्र तो आपोआपच होई, कारण मागच्या बाजूस एक वजन बसविलेले असे. समजा, अर्ध्या रात्री तार तुटली. केबिनमनला ते कळलेही नाही. तरी वजन आपले काम करी, हात आडवा होई आणि गाडी थांबे. उतारू कुरकुर करीत, उशीर होई. पण अपघात होत नसे. यंत्र बिघडणारच, हे धरून चाललेल्या माणसानेच ही रचना केली आहे.

यंत्र बिघडते, तसा माणूसही चुकतो. त्यावरील उपाय केबिनच्या खालच्या मजल्यावर होता. तेथे प्रत्येक लिव्हरला जोडलेल्या लोखंडी पट्ट्या असत आणि त्यांना खाचा पाडलेल्या असत. एक लिव्हर ओढला, की त्याची पट्टी सरके आणि दुसऱ्या कित्येक पट्ट्या अडकून पडत. एका गाडीसाठी सांधा वळविला आणि सिग्नल दिला, की तिच्या वाटेत येणाऱ्या गाडीला सिग्नल देणे शक्यच नसे. केबिनमनने सारा जोर लावला तरी लिव्हर हलत नसे. जॉन सॅक्सबी या इंग्रज कारागिराने 1856 साली लिव्हरना असे परस्परांत गुंतविण्याच्या एका रचनेचे पेटंट घेतले, आणि पुढे तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या जगभर पसरल्या.

तरीही एक चूक या जुन्या रचनेला पकडता येत नसे, आणि ती म्हणजे विसर. रुळावर एक गाडी उभी आहे, हे केबिनमनच्या ध्यानात राहिले नाही, तर पट्ट्या काय करणार? त्यासाठी नियम होता, की गाडी उभी असेपर्यंत त्या रुळाच्या सिग्नलच्या लिव्हरवर एक लोखंडी कडे अडकवून ठेवावे. कडे काढल्यावाचून लिव्हर ओढता येत नसे, आणि कडे काढायला हात गेला, की आठवण होई. किती साधी वस्तू! पण 22 मे 1915 रोजी स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल येथे ती वापरली गेली नाही. सकाळची पाळी बदलत होती. कामावर येणारा सिग्नलवाला एका लोकल गाडीच्या इंजिनावर बसूनच आला होता. ती गाडी त्याच्या केबिनसमोर, खिडकीतून दिसेल अशी उभी होती. थोड्याच वेळात त्याला तिचा विसर पडला आणि सैनिकांनी भरलेल्या गाडीला त्याने त्याच रुळावर वाट दिली. त्या टकरीवर तिसरी गाडी येऊन आदळली, आग लागली, आणि 200 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ज्या गाडीतून आपण उतरलो तीच गाडी माणूस विसरू शकतो, हे वाचून नवल वाटते. पण पाळी बदलताना, बोलण्याच्या नादात, कोणाचेही असे होऊ शकते. म्हणून तर कडे होते.

एकेरी मार्गावर धोका निराळा असतो. तेथे दोन गाड्या समोरासमोर येऊ शकतात. 1874 साली इंग्लंडमध्ये नॉर्विच शहराजवळ तारेने दिलेल्या निरोपात घोटाळा झाला आणि दोन गाड्या रात्री एकमेकींवर आदळल्या. त्यानंतर 1878 साली एडवर्ड टायर याने असे यंत्र काढले, की निरोपावर विसंबण्याची गरजच उरू नये. आपल्या देशात अनेक एकेरी मार्गांवर याच तत्त्वाचे गोळ्याचे यंत्र प्रचलित झाले. लगतच्या दोन स्थानकांवर एकेक यंत्र असे, आणि ती दोन्ही विजेच्या तारेने जोडलेली असत. समोरच्या स्टेशनमास्तराने संमती दिली, तरच यंत्रातून पोलादी गोळा बाहेर पडे. तो एक गोळा बाहेर असेपर्यंत दोहोंपैकी कोणतेही यंत्र दुसरा गोळा देत नसे. गोळा हाती असल्यावाचून ड्रायव्हरने पुढे जावयाचे नाही. गोळा एकच, म्हणून गाडीही एकच.

न थांबणाऱ्या गाडीला हा गोळा देणे हे मोठ्या सफाईचे काम होते. तो चामडी पिशवीत घालून ती पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधीत. फलाटावरचा माणूस कडे उंच धरून उभा राही. धडधडत इंजिन जवळ येई, फायरमन बाहेर वाकून हात पुढे करी आणि कड्यात दंड अडकवून ते उचली. त्याच क्षणी मागच्या टप्प्याचे कडे खाली टाकी. दंडाला सणसणीत फटका बसे. कधी नेम चुके आणि गाडी थांबवावी लागे; मग फायरमन खाली उतरून धावत मागे येई, आणि डब्यांतील पोरे खिडक्यांतून हसत.

1954 साली बार्शी लाइट रेल्वे सरकारने विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत सामील झाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने तिचे अरुंद रूळ उखडून तेथे रुंद रूळ टाकण्यात आले. आता बार्शी, लातूर, पंढरपूर आणि मिरज येथे मोठ्या गाड्या थेट जातात, आणि कुर्डुवाडीच्या हमालांना पोती या डब्यातून त्या डब्यात टाकावी लागत नाहीत. सिग्नलचे हात जाऊन रंगीत दिवे आले. लिव्हरांची रांग जाऊन बटणांचे फलक आणि संगणकाचे पडदे आले. रुळावर गाडी उभी आहे की नाही, हे आता रुळांतील वीजच सांगते. आणि एका गाडीसाठी वाट लावून ठेवल्यावर आड येणाऱ्या वाटेचे बटण कोणी दाबले, तर पडद्यावर काहीच घडत नाही. जुन्या केबिनमध्ये अडकलेल्या लिव्हरशी झोंबून जो केबिनमन घामाघूम होई, त्याला ते पाहताक्षणीच ओळखू आले असते.