वाचनाचा जमाखर्च

चैत्र सरत आला, की शाळेतील वातावरण पालटू लागते. वर्गाच्या भिंतींवरील तक्ते उतरविले जातात, प्रयोगशाळेतील काचसामान मोजून कपाटात ठेवले जाते आणि ग्रंथालयाच्या दारावर ‘सर्व पुस्तके परत करावीत’ अशी सूचना लागते. व्यापारी जसा वर्षअखेरीस आपला जमाखर्च मिटवितो, तशी शाळाही आपला हिशेब मिटवीत असते. या हिशेबात तुमच्या हजेरीचे दिवस मोजले जातात, उंची आणि वजन यांची नोंद होते, प्रत्येक विषयातील यश प्रगतिपुस्तकात उतरते. एका गोष्टीची नोंद मात्र कोठेच आढळत नाही. जूनमध्ये या वर्गात आलेला वाचक आणि आता या वर्गातून बाहेर पडणारा वाचक यांत काही अंतर पडले आहे काय, हे कोणी पाहत नाही. ते पाहणे शिक्षकांच्या हाती फारसे नाही. कारण वाचन मनात चालते आणि तेथे डोकावण्याची सोय केवळ तुम्हांलाच आहे.

हे अंतर मोजावयाचे कसे? पुष्कळांना प्रथम सुचतो तो मार्ग पुस्तके मोजण्याचा. मी मुख्याध्यापक असताना एका वर्षी सातवीतील एका विद्यार्थ्याच्या नावावर ग्रंथालयाच्या नोंदवहीत एकेचाळीस पुस्तके जमा झाली होती. वर्गात त्याचे कौतुक झाले. त्यांपैकी आवडलेल्या एखाद्या पुस्तकाविषयी दोन शब्द बोल, असे सांगितल्यावर मात्र मुखपृष्ठावरील चित्रापलीकडे त्याला काही आठवेना. सोमवारी पुस्तक नेणे आणि शनिवारी ते परत आणणे, यात पुस्तकाची येरझार होते. वाचक जागचा हलतोच असे नाही. संख्या अगदीच निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. विहिरीत उतरल्यावाचून कोणाला पोहता येत नाही. परंतु किती वेळा उतरलो, यावरून पोहणे किती आले हे कळत नाही, इतकेच.

आमच्या शाळेत आम्ही एक वेगळा उपक्रम करीत असू. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सातवीच्या वर्गाला सलग दोन तासिका मोकळ्या दिल्या जात. जूनमध्ये शिकलेला पाठ्यपुस्तकातील पहिला गद्य पाठ मुलांनी मनातल्या मनात पुन्हा वाचावयाचा आणि त्या वेळी त्यात काय दिसले होते, आज काय दिसले, हे पानभर लिहावयाचे. या लेखनाला गुण नव्हते आणि शुद्धलेखनाच्या चुकाही कोणी काढणार नव्हते. पहिल्या वर्षी आलेली उत्तरे वाचून मी थोडा निराश झालो. वाचनाने ज्ञान वाढते, पुस्तके ही आपले मित्र आहेत, मला वाचनाची गोडी लागली, अशा वाक्यांनी पानेच्या पाने भरली होती. गुरुजींना काय आवडेल, हे मुलांना चांगले ठाऊक असते. म्हणून पुढच्या वर्षी एक अट घातली : ‘ज्ञान’, ‘मित्र’ आणि ‘गोडी’ हे तीन शब्द कोणीही वापरावयाचे नाहीत. वर्ग बराच वेळ लेखण्या चावीत बसला. पण त्यानंतर जे कागदावर उतरले, ते खरोखर वाचण्याजोगे होते.

एकाने लिहिले, की जूनमध्ये वाचताना त्याचे ओठ हलत असत, आता हलत नाहीत. दुसऱ्याला पूर्वी कठीण शब्द आला, की जागच्या जागी थांबून शब्दकोश उघडण्याची सवय होती. वाक्याच्या शेवटास पोहोचेपर्यंत त्याचा आरंभ तो विसरून जाई. आता तो तसाच पुढे जातो. पुढच्या दोनतीन वाक्यांत निम्म्या शब्दांचा उलगडा आपोआप होतो आणि उरलेले तो पाठ संपल्यावर शब्दकोशात पाहतो. एका मुलीने लिहिले, की वर्णनाचा परिच्छेद आला, की ती तो गाळून पुढे जात असे. या खेपेस तिने नदीकाठचे वर्णन सावकाश वाचले आणि शेवटी पूर येतो तेव्हा कोणाचे घर आधी बुडणार, हे तिला वर्णनातच सापडले. सर्वांत धीट उत्तर एका अबोल मुलाचे होते. पाठ जूनमध्ये कंटाळवाणा वाटला आणि आजही तसाच वाटला, असे त्याने स्पष्ट लिहिले होते. फरक इतकाच, की जूनमध्ये आपल्यालाच काही समजत नाही, असे त्याला वाटले होते. आज मात्र पहिले दोन परिच्छेद नसते तरी काही बिघडले नसते, असे त्याचे मत झाले होते. मी तो पाठ उघडून पाहिला. मुलाचे म्हणणे बरोबर होते. (या पाठाविषयीही तुमचे असे काही मत झाल्यास ते अवश्य लिहावे.)

याच उपक्रमात एका विद्यार्थिनीने पाठाऐवजी ‘श्यामची आई’ या पुस्तकाविषयी लिहिण्याची परवानगी मागितली. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहावयास घेतले, हे तुम्ही ऐकले असेल. त्यात प्रकरणे नाहीत. बेचाळीस रात्री आहेत. या मुलीने ते पाचवीत असताना एकदा आणि सातवीत पुन्हा एकदा वाचले होते. पाचवीत तिच्या लक्षात राहिला तो श्याम. अंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला दगडावर ओचे पसरावयास लावणारा तो हट्टी मुलगा तिला अगदी आपल्या धाकट्या भावासारखा वाटला होता. दुसऱ्या वाचनात तिचे लक्ष श्यामवरून उडून आईच्या हातांकडे गेले. स्वतःची लहानशी झोपडी असावी म्हणून ही बाई हातांतील पाटल्या विकावयास काढते, ही गोष्ट पहिल्या खेपेस तिच्या नजरेतून निसटली होती. तिने शेवटी लिहिले होते, ‘पहिल्यांदा मी रडले. या वेळी रडू आले नाही. कर्ज झाले कसे, हे मी शोधत होते.’ पुस्तकातील एक अक्षरही दोन वर्षांत बदललेले नव्हते.

वाचकाच्या मनात असा प्रश्न उभा राहिला, की तो कोठवर जाईल, हे सांगता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत असताना त्यांच्या परीक्षेतील यशाबद्दल एक सत्कार झाला. त्या वेळी मराठी ग्रंथकार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. हा प्रसंग बाबासाहेबांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितला आहे. त्यांच्या घरी रामायण आणि महाभारत यांच्या वाचनाविषयी वडिलांचा आग्रह असे. भेट मिळालेले चरित्र वाचून हा मुलगा केवळ भारावून गेला नाही. बौद्ध वाङ्मयाचा परिचय आपल्याला का करून दिला नाही, असे त्याने वडिलांना विचारले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. एका भेट मिळालेल्या पुस्तकातून सर्व काही घडले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मध्ये अर्धशतकाचा अभ्यास आणि संघर्ष आहे. तरी वडिलांना विचारलेला तो प्रश्न त्या वर्षीच्या कोणत्याही प्रगतिपुस्तकात लिहिला गेला नसणार, हे खास.

आता एका अशा विद्यार्थ्याविषयी सांगतो, की ज्याच्या नावापुढे ग्रंथालयाच्या नोंदवहीत त्या वर्षी एकही पुस्तक नव्हते. आमची शाळा बीड जिल्ह्यातील. तेथे दसरा-दिवाळी झाली, की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. घरी सांभाळणारे कोणी असेल, तर मुले गावी राहतात. नसेल तर ती आईबापांबरोबर जातात. या मुलाची आजी त्या वर्षी वारली होती, म्हणून तो गेला. जाताना त्याच्या पिशवीत मराठीचे पाठ्यपुस्तक तेवढे होते. फडाजवळच्या कोपीत धाकट्या बहिणीला सांभाळीत तो तेच पुस्तक पुनःपुन्हा वाचीत राहिला. परत आल्यावर त्यानेही इतरांबरोबर आपले पान लिहिले. त्याने निवडला होता तो दुष्काळातील एका शेतकरी कुटुंबाच्या गोष्टीचा पाठ. त्यातील आई सर्वांना जेवू घालते आणि मग चूल सारवावयास बसते. मुलाने लिहिले होते :

‘पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटले, आईला भूक नसेल. नंतर एका रात्री माझ्या आईनेही आम्हांला वाढले आणि ती भांडी घासायला उठली. मी टोपलीत पाहिले. दुसऱ्या दिवशी तो पाठ पुन्हा वाचला, तेव्हा कळले, की गोष्टीतली भाकरी संपली होती. लेखकाने तसे कोठेही लिहिलेले नाही.’

तो पाठ मी स्वतः कित्येक वर्षे शिकविला होता आणि प्रश्नपत्रिकेत त्यावर कितीतरी प्रश्न घातले गेले होते. ‘आई का जेवली नाही?’ हा प्रश्न त्यांत कधीच नव्हता.

यावरून एकच पुस्तक पुरते, असा अर्थ कोणी काढू नये. त्या मुलाला सहा महिने एका पुस्तकावर काढावे लागले, ही काही अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हे. पुढच्या हंगामापासून फडावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत ग्रंथालयातील चार पुस्तके घालून द्यावयाची, असे आम्ही ठरविले. त्यांतील काही परत आलीच नाहीत. काहींची पाने चुलीच्या धुराने पिवळी पडून आली आणि वार्षिक तपासणीत ती ‘खराब’ या सदरात दाखवावी लागली. तरी पुस्तके पाठविणे थांबविले नाही.

आता तुमची पाळी. या आठवड्यात जूनमधील एखादा पाठ, अथवा पूर्वी वाचलेले एखादे पुस्तक पुन्हा उघडा. ते कोठे बसून वाचले, तेव्हा कोणत्या ओळीशी थांबला होता, आज कोठे थांबलात, काय तेव्हा दिसले नव्हते, आणि अजूनही काय कळलेले नाही, हे साध्या शब्दांत लिहा. वर सांगितलेले तीन शब्द तुम्हांलाही वर्ज्य आहेत. पानावर आजची तारीख घाला आणि खालचा अर्धा भाग कोरा ठेवून ते पान याच पाठ्यपुस्तकात जपून ठेवा. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तोच पाठ वाचून उरलेली जागा भरावयाची आहे.