श्रींची चंदनउटी आणि भाविकांचा उन्हाळा

पंढरपुरात चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून मृग नक्षत्र लागेपर्यंत श्रीविठ्ठल व श्रीरुक्मिणीमाता यांची चंदनउटी पूजा केली जाते. याच काळात सोलापूर जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. उगाळलेल्या ओल्या चंदनाने श्रींच्या अंगाचा दाह निववावा, हा या पूजेमागील भाव आहे.

ओलावा वाळताना उष्णता ओढून घेतो. माठातील पाणी निवते आणि शिंपडलेल्या वाळ्याच्या पडद्यातून गार झुळूक येते, ती याच कारणाने. मनुष्याचा घामही हेच कार्य करतो. मात्र हवाच अंगापेक्षा तप्त झाली की नुसत्या पंख्याने झळाच लागतात. अशा वेळी डोक्यावर व मानेवर ओले उपरणे घेऊन मग वारा घ्यावा.

घामासाठी अंगात पाणी हवे. चैत्री एकादशीच्या यात्रेत खरी अडचण येथेच येते. उपवास म्हणून पाणीही न घेता दर्शनरांगेत तासन्‌तास उभे राहणे वृद्धांच्या जिवावर बेतू शकते. निर्जळी व्रताचा हट्ट या उन्हात धरू नये. सैंधव व साखर घातलेले लिंबूपाणी उपवासासही चालते. ते तहान लागण्यापूर्वीच थोडे थोडे घ्यावे. चंद्रभागेचे वाळवंट दुपारी पाय पोळते, म्हणून स्नान सकाळीच उरकावे.

रांगेतील कोणाचे अंग अतिशय तापून तो असंबद्ध बोलू लागल्यास तो उष्माघात समजावा. त्यास तत्काळ सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असल्यास मुखात पाणी, अगदी तीर्थही, घालू नये.