मुलगा उभा राहिला
शास्त्रपाठ : मार्क ९ : १४-२९. सोबत वाचावें : मत्तय ४ : २४; लूक ९ : ३७-४३; योहान ९ : १-३.

आमच्या खेड्यांतून ज्या दुखण्यास फेंफरें, आकडी, मिरगी किंवा घुरें म्हणतात, तशा दुखण्यानें पीडलेल्या एका मुलाची हकीकत या पाठांत आहे. ती वाचतांना प्रथम गर्दीकडे पाहावें. मुलगा दुःखांत आहे, बाप रडकुंडीस आला आहे, आणि शास्त्री व शिष्य यांचा वाद रंगला आहे! ज्याच्यावरून वाद, त्याच्याकडे कोणाचें लक्ष नाहीं. प्रभु वाद बाजूस ठेवून बापास विचारितो कीं, हें याला केव्हांपासून होत आहे. शहाणा डॉक्टर आजहि पहिल्यानें हेंच विचारतो. बाप सांगतो, बाळपणापासून; आणि मग विस्तवाची व पाण्याची भीति बोलून दाखवितो.

येथें कोणी म्हणेल कीं, मार्क तर अशुद्ध आत्म्याविषयीं लिहितो. तेव्हां प्रत्येक फेंफरें हें भूतच समजावें काय? मत्तय ४ : २४ उघडून पाहावें. तेथें भूतग्रस्त निराळे सांगितले आहेत व फेंफरेकरी निराळे. शुभवर्तमानच जो भेद करितें, तो आम्हीं पुसून टाकणें योग्य नव्हे. भगताकडे जाणें पाप मानणारा ख्रिस्ती मनुष्य आपल्या मुलीस झटका आला म्हणजे तिच्या कानाशीं ओरडून मंत्रासारखी प्रार्थना करणारा शोधीत फिरतो, यास काय म्हणावें?

मेंदूचें काम विजेच्या अति सूक्ष्म प्रवाहांनीं चालतें. पुष्कळ पेशी एकाच वेळीं भडकल्या म्हणजे झटका येतो. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरानें १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूचे हे प्रवाह प्रथम टिपले व १९२९ सालीं तें प्रसिद्ध केलें. तरीहि अपस्माराच्या सुमारें निम्म्या रोग्यांत कारण सांपडत नाहीं. तपासण्या झाल्या, चित्रें निघालीं, आणि सर्व ठीक. झटके मात्र येतातच. कांहीं झटके तर विजेच्या या गडबडीचे नसून मनाच्या व मज्जेच्या ताणांतून येतात. तेहि सोंग नव्हे. डॉक्टरास कारण सांपडलें नाहीं म्हणजे शेजारी तें पुरवितात : बापाचें पाप, आईचा फेडावयाचा राहिलेला नवस, सुनेचा पायगुण. जन्मांधाविषयीं शिष्यांनींहि असाच प्रश्न केला होता. प्रभूनें तो हिशेब मान्य केला नाहीं.

पाठांतील मुलगा त्याच दिवशीं बरा झाला. आमच्या मंडळ्यांत कित्येकांसाठीं वर्षानुवर्षें प्रार्थना झाली आहे व झटके थांबलेले नाहींत. अशांस हा पाठ ऐकणें जड जातें, हें शब्बाथ-शाळेच्या शिक्षकांनीं विसरूं नये. अर्धा विश्वास व अर्धा अविश्वास घेऊन आलेल्या बापास प्रभूनें परत लाविलें नाहीं. मग "तुमचा विश्वास कमी" असें रोग्यास बोलण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला? आणि प्रार्थना झाली म्हणून गोळ्या बंद करावयास लावणें हें तर जिवावरचें काम आहे. औषध एकाएकीं सोडल्यानें न थांबणारा झटका येऊन मृत्यूहि ओढवतो. नीट औषध मिळाल्यास शंभरांतील सुमारें सत्तर रोग्यांचे झटके थांबूं शकतात.

ज्यांचे थांबत नाहींत, त्यांचें काय? अमेरिकेंतील हॅरिएट टबमन ही गुलामगिरींत जन्मलेली, मोठी प्रार्थनाशील बाई. पोरवयांत एका मुकादमानें दुसऱ्या गुलामावर फेंकलेलें जड वजन तिच्या डोक्यास लागलें. तेव्हांपासून जन्मभर ती चालतां-बोलतां एकाएकीं भान हरपून झोंपी जाई. १८४९ सालीं ती पळून जाऊन स्वतंत्र झाली. पुढें सुमारें १३ वेळां परत जाऊन तिनें सुमारें ७० माणसें सोडवून आणिलीं. वाटेंत तिला झटका आला म्हणजे बरोबरचीं माणसें थांबत; ती जागी झाली कीं पुढें चाले, व तीं तिच्या मागें.

आमच्याकडे काय होतें? मुलीस दोनदां झटका आला कीं तिचा बाजार बंद, गायनमंडळ बंद, शिवणाचें यंत्र बंद. हें सारें मायेपोटीं होतें खरें, परंतु ती कैदच आहे. विस्तव आणि पाणी यांचें भय खोटें नाहीं. तें शास्त्रांतच आहे. म्हणून धोका दूर करावा, माणसास दूर करूं नये. चुलीपाशीं कोणी सोबत असावें. विहिरीवर, नदीवर एकटें जाऊं नये. न्हाणीची कडी आंतून लावूं नये, हांकेच्या अंतरावर कोणी असलें कीं पुरे. झाडावर चढणें नको. डॉक्टर परवानगी देईपर्यंत गाडी चालविणें नको. बाकीचें तिचें तिला करूं द्यावें. गोळ्यांची वेळ तिनें संभाळावी, झटक्यांच्या तारखा तिनेंच वहींत लिहाव्या, डॉक्टरापुढें तिनेंच बोलावें. लग्नाची गोष्ट निघाल्यास दुखणें लपवूं नये, पण तेवढ्यावरून तिला बादहि ठरवूं नये. हिंदु विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांत पूर्वीं अपस्मार हा विवाहास अडथळा मानीत. १९९९ सालीं तो शब्द गाळण्यांत आला. कायद्यानें जें सोडलें, तें कांहीं वडील मंडळी अजून धरून बसलीं आहेत.

उपासनेंत कोणास झटका आला तर दोघांनींच जवळ जावें. हातपाय दाबून धरूं नयेत; तोंडांत चमचा, बोट, पाणी कांहीं घालूं नये; कांदा किंवा जोडा हुंगवूं नये. डोक्याखालीं घडी केलेलें वस्त्र ठेवावें, गळ्याचें बटण सैल करावें, शक्य होतांच कुशीवर वळवावें, व घड्याळ पाहावें. पांच मिनिटांहून अधिक वेळ गेला, शुद्धि न येतां दुसरा झटका आला, अथवा हा आयुष्यांतला पहिलाच असला, तर तत्काळ दवाखान्यांत न्यावें. एरव्हीं बाकीच्यांनीं गीत पुढें चालूं ठेवावें. प्रभूनें मुलाचा हात धरून त्यास उठविलें, व तो उभा राहिला, असें मार्क सांगतो. पूर्ण शुद्धि आल्यावर त्या मनुष्यासहि हात द्यावा, आणि घरीं जावयाचें कीं बसावयाचें, हें त्यालाच विचारावें. तो बसतों म्हणाला, तर त्याची जागा त्यास मोकळी करून द्यावी.