इतवारीतली स्वस्ताई आणि घरची कोठी

मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू बाजारात उतरला की आपल्याकडे घरोघरी वर्षाच्या धान्याचे हिशेब सुरू होतात. कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा इतवारीत ठोक भावाने चार पैसे वाचतात, म्हणून कामठी, उमरेड, रामटेकची मंडळीही किराणा ओळी आणि मस्कासाथ गाठतात. त्यात गैर काही नाही. पण ही बचत खरी किती, हे धान्य कोठीत कसे टिकते यावर ठरते.

समजा, गव्हात किलोमागे ६ रुपये वाचले. ५० किलोच्या कट्ट्यावर ३०० रुपये झाले. ऑटोचे १२० गेले. पावसाळ्यात ३२ रुपये भावाचा ५ किलो गहू किडला, तर आणखी १६० गेले. हाती उरले २० रुपये! म्हणून शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून खरेदी करावी, ऑटो एकच करावा आणि आपल्या कोठीत मावेल, संपेल तेवढेच घ्यावे. गहू घेताना दाणा दाताखाली फोडून पाहावा. कट्कन तुटला तर वाळलेला. चेपला तर ओला आहे, कितीही स्वस्त असला तरी नको.

डाळीची गोष्ट निराळी. इतवारीत तुरीच्या डाळीत ‘फटका’ सर्वांत महाग, ‘सवा नंबर’ तिच्याखालोखाल. फरक मुख्यतः आकाराचा आणि चमकेचा आहे. पोटात गेल्यावर प्रथिने तीच मिळतात, तेव्हा इथे पैसे जरूर वाचवावेत. मात्र भावापेक्षा फारच स्वस्त ‘तूर डाळ’ कोणी देऊ लागला तर मूठभर डाळ पांढऱ्या कागदावर पसरावी. तुरीची डाळ गोलसर असते. लाखोळीची डाळ चपटी, कोनदार, एका बाजूला उतरती, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी दिसते.

लाखोळी आपल्याला परकी नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या बांधीत ती पिकते. इतरत्र तिला खेसारी म्हणतात. हीच डाळ रोजचे मुख्य अन्न म्हणून दोन-तीन महिने खाल्ली, तर तिच्यातल्या विषारी घटकामुळे पाय ताठरून कायमचे अपंगत्व येऊ शकते. मध्य प्रदेशातल्या रिवा-सतना भागात असे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. १९६१ मध्ये केंद्राच्या नियमांनी विक्रीवर बंदी आली. ही बंदी उठावी म्हणून नागपुरातच डॉ. शांतिलाल कोठारी यांनी अनेक वर्षे लढा दिला. राज्याने आपली बंदी २००८ मध्ये मागे घेतली आणि २०१६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने विषारी घटक कमी असलेल्या वाणांच्या बाजूने शिफारस केली. थोडी लाखोळी वरणात गेली म्हणून कोणी लुळे पडत नाही, हेही खरे. पण तुरीचे पैसे मोजून लाखोळी का घ्यावी? २०१५ मध्ये तूर डाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती. तूर अशी कडाडली की भेसळीला ऊत येतो. तेव्हा वरणात निम्मी मूग किंवा मसूर डाळ आपणच घालावी. पोषण तेवढेच, खर्च कमी.

हळद, तिखट, धने यांची सुटी पूड केवळ स्वस्त म्हणून घेऊ नये. हळकुंडे आणि अख्खी मिरची मिरची बाजारातून आणून चक्कीवर समोर दळून घ्यावी. सुट्या तेलाचा मोह तर नकोच. १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलाने साठहून अधिक माणसे दगावली होती.

आता कोठीकडे वळू. कीड लागू नये म्हणून काही घरांत धान्यात ‘सल्फास’ची गोळी टाकतात. ही गोळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. कोठी बंद आहे म्हणून वायू आतच राहतो असे नव्हे. त्याच खोलीत मुले झोपलेली असतात. गोदामात प्रशिक्षित माणसांनी वापरायची ही वस्तू घरात मुळीच येऊ देऊ नये. पाऱ्याच्या गोळ्याही टाळाव्यात. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची पद्धत सर्रास दिसते, पण लहान मुले असलेल्या घरी ती सोडून द्यावी हे बरे.

आपल्या आजी-आयांची रीत पुरेशी आहे. गव्हाला दोन-तीन दिवस कडक ऊन द्यावे, तो पूर्ण थंड झाल्यावरच भरावा. गरम धान्य भरले की आत घाम धरतो. तांदळाला ऊन देऊ नये, दाणा तुटतो. तो सावलीत पसरावा. डाळीला एरंडेलाचा हात लावावा. कोठीच्या तळाशी आणि वर सुकलेला कडुलिंबाचा पाला घालावा. झाकण घट्ट असावे, कोठी भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर ठेवू नये.

जुलै-ऑगस्टमध्ये एकदा कोठी उघडून कोपरापर्यंत हात घालून पाहावा. आतले धान्य कोमट लागले किंवा कुबट वास आला तर उघाड मिळताच बाहेर काढून वाळवावे. बुरशी धरलेले धान्य किंवा शेंगदाणे मात्र फेकावेच. बुरशीचे विष भाजल्याने जात नाही. असे धान्य गुरांनाही घालू नये.